नख पांढरं होईपर्यंत

त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथंच राहिलं होतं. मुलांच्या वॉर्डातल्या आया, आज्या, लिफ्टवाला, एवढंच काय, खुद्द मोठे डॉक्टरसुद्धा त्यांना नखवाल्या बाई म्हणत. नवखा माणूस हे नाव ऐकून दचकायचा. त्याला वाटायचं, या बाई पोरांना ओरबाडतात की काय! प्रत्यक्षात बाईंची स्वतःची नखं इतकी बारीक कापलेली असत की त्यांना घरी संत्रंही सोलता येत नसे. ते त्यांचे यजमान सोलून देत, आणि वर म्हणत, "नावाच्या नखवाल्या!"

नाव पडलं ते कामावरून. ड्रेसिंगच्या खोलीत त्यांना सव्वीस वर्षं झाली होती. खोली लहान. हिरव्या रेग्झिनचं एक उंच टेबल, एक स्टूल, खिडकीखाली बेसिन, कपाटात कापसाचे डबे आणि जीभ दाबायच्या लाकडी पट्ट्यांचे गठ्ठे. त्या खोलीत सगळ्या तऱ्हेच्या जखमा येत, पण बाईंचा हातखंडा कुत्रं चावलेल्या मुलांच्या वणांचा. मोठ्या माणसाला कुत्रं पायाला धरतं. पोराचं तोंडच कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर, म्हणून पोरांना ते गालाला, ओठाला, डोळ्याखाली धरतं. जखम धुणं, सुया टोचणं, टाके घालणं ही डॉक्टरांची कामं. टाके निघाले की घरच्यांना वाटतं, सुटलो एकदाचे.

"सुटलात कसले?" बाई म्हणत. "आता तर सुरुवात आहे. जखम डॉक्टर शिवतात, वण घरच्यांनी घडवायचा असतो. मूल काय आणि वण काय, वळण लावायचं ते पहिल्या वर्षात. नंतर कपाळाला हात लावून काही उपयोग नाही."

वळण लावायचं म्हणजे काय, तर जखम पुरती भरली की दिवसातून तीनदा वणावर अंगठा टेकवून दाबायचं आणि अंगठा न घसरवता खालची कातडी गोल गोल फिरवायची. मग सिलिकॉनची पारदर्शक पट्टी चिकटवायची. उन्हात जाताना वण झाकायचा. हे सगळ्यांना समजायचं. अडायचं एकाच ठिकाणी: दाबायचं किती? पुस्तकात लिहिलेलं असतं, वण पांढरा पडेपर्यंत. "पुस्तक लिहिणारा गोरापान असणार," बाई म्हणत. सावळ्या गालावर वण पांढरा पडला की नाही ते कुणाच्या बापाला दिसत नाही. म्हणून बाईंनी आपला नियम काढला. वणाकडे बघायचं नाही, आपल्या अंगठ्याच्या नखाकडे बघायचं. नख पांढरं होईपर्यंत दाबायचं, त्याच्यापेक्षा कमी नको आणि जास्त नको. वाचता न येणाऱ्या आजीलाही तो नियम एका मिनिटात कळायचा. पुढे दुसऱ्या हॉस्पिटलांतून मंडळी येऊन तो लिहून घेऊन गेली. बाईंना त्याचा अभिमान होता, आणि तो त्या लपवतही नसत.

भिंतीवर त्यांनी स्वतःच्या अक्षरात तक्ता लावला होता. वर मथळा: मातांसाठी सूचना. खाली पाच ओळी. चौथी ओळ एका नटव्या आईनंतर घातलेली: नखांना पॉलिश असल्यास पुसून मगच दाबावे. या ओळीवर तर बाई फार खूश होत्या. सगळ्या वाटा बंद केल्या, आता चुकायला जागाच ठेवली नाही, असं त्या यजमानांना म्हणाल्या होत्या.

आणि मग भिंगरी आली.

सहा वर्षांची पोर. बाप तिला भिंगरी म्हणायचा, कारण एका जागी ठरायची नाही. शेजाऱ्यांचं कुत्रं जेवत असताना त्याच्या ताटलीजवळ पडलेला चेंडू उचलायला वाकली, आणि कुत्र्यानं गाल धरला. ओठाच्या डाव्या कोपऱ्यापासून कानाच्या दिशेनं चार बोटं जखम. मोठ्या डॉक्टरांनी ती सुरेख शिवली. तीन आठवड्यांनी भिंगरीची आई बाईंकडे आली, दाबायचं कसं ते शिकली, बाईंसमोर करून दाखवलं, नखही बरोबर पांढरं झालं. बाईंनी पाठीवर थाप मारून तिला घरी पाठवलं.

पण हॉस्पिटलात जमलं ते घरी जमेना. कुत्र्याच्या तोंडातून पोरीला सोडवलं होतं ते याच आईनं. गालावर अंगठा ठेवला की तिला तोच क्षण दिसायचा, हात थरथरायचा, आधी ती रडायची आणि मग पोर रडायची. चौथ्या दिवशी बाप म्हणाला, "तू राहू दे. मला सांग काय करायचं ते, मी करतो." आईनं त्याला नियम सांगितला. अगदी शब्दाला शब्द: नख पांढरं होईपर्यंत, त्याआधी सोडायचं नाही.

पहिल्या महिन्याच्या तपासणीला आई आली. बाईंनी भिंगरीला "आ" करायला लावलं आणि वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये लाकडी पट्ट्या एकावर एक सरकवत गेल्या. तोंड किती उघडतं ते त्या असं मोजत. तेरा पट्ट्या. बरं होतं. दुसऱ्या महिन्यात आईची कामाची पाळी बदलली म्हणून बाप आला. दोन्ही हात पाठीमागे बांधून, वर्गाबाहेर उभं केलेल्या पोरासारखा दाराशीच थांबला. बाईंनी पट्ट्या मोजल्या. अकरा.

बाईंनी पुन्हा मोजल्या. अकराच. वण मऊ व्हायचा सोडून लाल, जाड झाला होता आणि ओठाचा कोपरा खेचत होता.

"घरी दाबता का हो?"

"दाबतो बाई. रोज तीन वेळा. एकदाही चुकवलं नाही."

"नख पांढरं होईपर्यंत?"

बापानं मान खाली घातली. "तेच तर होत नाही, बाई. कितीही दाबलं तरी होत नाही."

"होत नाही म्हणजे? सगळ्या जगाचं होतं, तुमचंच बरं होत नाही!" बाईंच्या नाकाचा शेंडा लाल झाला. सबबी ऐकून ऐकून त्यांचे कान किटले होते. "पोर कुरकुरली की सोडून देत असाल. अशानं पोरीचं वाटोळं कराल. मन घट्ट करा आणि जोर लावा."

तेवढ्यात मोठे डॉक्टर आले. त्यांनी वण पाहिला, आकडा ऐकला आणि कागदावर लिहिलं: तीन महिने. तीन महिन्यांत अठरा पट्ट्या झाल्या तर ठीक, नाहीतर वण कापून पुन्हा शिवायचा. म्हणजे पुन्हा भूल, पुन्हा टाके, पुन्हा पहिल्यापासून सगळं. ऑपरेशन हा शब्द ऐकल्याबरोबर भिंगरी बापाच्या शर्टात शिरली.

"नखानं होतंय तिथं कुऱ्हाड कशाला, डॉक्टर?" बाई म्हणाल्या.

"नखानं होतंय का?" डॉक्टर म्हणाले. "मला तरी दिसत नाही."

हे बाईंना झोंबलं. सव्वीस वर्षांत त्यांच्या नियमावर कुणी बोट ठेवलं नव्हतं, आणि आता एका आळशी बापापायी ठेवलं गेलं, असं त्यांनी मनाशी पक्कं धरलं.

पंधरा दिवसांत तो आळशी बाप पुन्हा दारात उभा. या वेळी भिंगरीच्या वणावर फोड आला होता आणि ती कुणाला गालाजवळ बोट नेऊ देत नव्हती. बाई बघतच राहिल्या. न दाबणाऱ्याच्या हातून फोड येत नाही, एवढं तर त्यांना कळत होतं.

"दाखवा बघू, दाबता कसं ते. माझ्या हातावर दाखवा. हात पुढे करा."

तो हलेना. मग ओशाळून त्यानं पाठीमागचे हात पुढे आणले. मनगटापर्यंत तपकिरी. बोटांच्या पेरांत काळपट रेघा, अंगठ्यांना जाड घट्टे, आणि दहाच्या दहा नखं जुन्या कपाटाच्या रंगाची.

"तुम्ही काम काय करता?"

"पॉलिशचं, बाई. लाकडाला पॉलिश करतो. खुर्च्या, टेबलं, दारं. हे धुतलं तरी जात नाही. इथं सगळं पांढरं स्वच्छ, म्हणून हात मागे ठेवतो."

बाईंनी भिंतीकडे बोट केलं, पण त्यांचा आवाज उतरला होता. "तिथं लिहिलंय ना, पॉलिश पुसून..."

"वाचलं ना बाई. पण वर लिहिलंय मातांसाठी. मला वाटलं, ते बायकांचं पॉलिश."

आता कुठे बाईंना उलगडलं. हा माणूस दोन महिने आपल्या पोरीच्या गालावर अंगठा दाबून एका अशा पांढऱ्याची वाट बघत होता, जे त्याच्या नखात उमटणारच नव्हतं. होत नाही, होत नाही, असं तो सांगत होता, आणि त्यांनी त्याला वर आणखी जोर लावायला सांगितलं होतं.

"रडायची का हो ही?" त्यांनी विचारलं.

"रडायची नाही. डोळे मिटून बसायची," बाप म्हणाला. "मधून मधून विचारायची, बाबा, झालं का पांढरं? मी म्हणायचो, अजून नाही गं."

सव्वीस वर्षांत बाईंनी पालकांना रागावलेलं सगळ्यांनी ऐकलं होतं. माफी मागितलेली त्या दिवशी ऐकली, तीही बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशी. "चूक तुमची नाही. माझी आहे. या खोलीत दाबायला बापही येईल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही कधी." मग त्या तरातरा मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेल्या आणि तेच तिथं सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "तारीख मात्र बदलणार नाही," ते म्हणाले. बाईंनी ती बदलून मागितलीही नाही. येताना त्यांनी खिशातलं पेन काढलं, तक्त्यावरच्या "मातांसाठी" वर काट मारली आणि "घरच्यांसाठी" असं लिहिलं. मग चौथ्या ओळीशी बराच वेळ उभ्या राहिल्या. तिथं काय लिहावं ते त्यांना सुचेना.

नियम मोडला हे कळलं, पण त्याच्या जागी ठेवायचं काय? स्पिरिटनं नखं पुसून झाली, काही फरक नाही. रंग आतवर मुरलेला, नख वाढून बाहेर पडायला महिने लागणार. घट्ट्यांमुळे अंगठ्याला दाब कळत नाही. आईचा हात थरथरतो. दिवसातून तीनदा हॉस्पिटलात आणणं कुणालाही जमणारं नाही. वजनकाट्यावर अंगठा दाबून सराव करावा असंही बाईंच्या मनात येऊन गेलं, पण काटा सपाट आणि कडक, गाल तसा थोडाच असतो?

त्या संध्याकाळी घरी त्यांनी यजमानांचा बुटाचं पॉलिश लावायचा डबा काढला, दोन्ही अंगठ्यांची नखं काळी केली आणि खुर्चीत पेपर वाचत बसलेल्या यजमानांच्या गालावर अंगठा दाबला.

"अगं, हे काय चाललंय?"

"गप्प बसा हो. काम आहे."

त्या दाबत गेल्या. नख दिसेना, म्हणून आणखी दाबत गेल्या. सव्वीस वर्षांचा सरावाचा हात, पण डोळ्याला खूण मिळेना तसा तोही भरकटला. शेवटी यजमानांनी पेपर टाकला आणि गाल चोळत ओरडले, "अहो नखवाल्या! किती दाबलंय ते त्या नखाला काय विचारता? माझ्या गालाला विचारा की!"

बाई काळा अंगठा हवेत धरून तशाच उभ्या राहिल्या. मग यजमानांच्या दुसऱ्या गालाची पापी घेतली, आणि त्याच्यावरही बुटाचं पॉलिश लागलं ते वेगळंच.

दोन आठवडे त्यांनी वणाला हातच लावू दिला नाही. फोड बसू दिला, मग पट्टी, मलम आणि विश्रांती. अति तिथं माती झाली होती, ती आधी झाडायला हवी होती. त्यानंतर बापलेकीला बोलावलं. भिंगरीला टेबलावर बसवलं, बापाला समोर स्टुलावर, म्हणजे दोघांची तोंडं एका उंचीवर आली.

"राणीसाहेब, आज तुमच्या गालाला कुणी हात लावणार नाही. आज तुम्ही बाबांचा गाल दाबायचा."

भिंगरीनं डोळे मोठे केले. बाईंनी तिचा चिमुकला अंगठा बापाच्या गालावर टेकवला. त्याचं नख गुलाबी होतं. "दाब. आणखी थोडं. बघ, झालं का पांढरं?"

"झालं!" भिंगरी किंचाळली. दोन महिने ज्याची वाट बघत ती डोळे मिटून बसायची, ते पांढरं तिनं पहिल्यांदा पाहिलं.

"आता तस्संच धरून ठेव. आणि बाबा, तुम्ही डोळे मिटा. गालाला काय कळतंय ते नीट लक्षात ठेवा. एवढंच दाबायचं, एवढंच. आधी तिनं तुमच्या गालाला शिकवायचं, मग तुम्ही तेवढंच तिच्या गालावर दाबायचं. ती बस म्हणाली की बस. हुकूम तिचा."

बापानं डोळे मिटले. थोड्या वेळानं म्हणाला, "बाई, एवढं हलकं?"

"एवढंच."

त्याच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं ते त्यानं बाहीनं पुसलं. भिंगरी म्हणाली, "बाबा, हलू नका ना. आणि तुमची दाढी टोचते."

दुसऱ्या दिवसापासून तो रोज दाढी करू लागला. कारखान्यात लोक विचारायचे, काय राव, लग्न-बिग्न ठरलं की काय पुन्हा? तो म्हणायचा, घरी मास्तरीण कडक आहे. भिंगरी खरंच कडक निघाली. दिवसातून तीनदा बापाला समोर बसवायची, त्याचा गाल दाबून दाखवायची, मग आपला पुढे करायची. जरा जास्त झालं की "बस", जरा कमी झालं की "झोपलात का?" कुणाला गालाजवळ येऊ न देणारी पोर आता गाल पुढे करून हुकूम सोडत होती. वण हळूहळू फिका पडत गेला. तीन आठवड्यांनी चौदा पट्ट्या झाल्या. सहा आठवड्यांनी सोळा. बाई आकडा मोठ्यानं म्हणत, म्हणजे भिंतीपलीकडे मोठ्या डॉक्टरांना ऐकू जावा.

ठरलेली तारीख आली. बाईंनी सकाळपासून दोनदा टेबल पुसलं. या वेळी आईही आली होती आणि भिंतीला टेकून उभी होती. डॉक्टर आले, हाताची घडी घालून उभे राहिले. भिंगरीनं "आ" केलं, आणि बाई वाकून बघू लागल्या. वरचा एक पुढचा दात नव्हता.

"परवा पडला," बाप म्हणाला.

खिंडारातून पट्ट्या सरासर आत जाऊ लागल्या. अठरा. एकोणीस. वीस. आईच्या तोंडून हुंदका फुटला. डॉक्टरांनी समाधानानं पेन काढलं.

बाईंनी हात वर केला. "थांबा. हे खरं नाही. दात पडल्यानं वाढलंय, तोंड उघडल्यानं नाही." सगळ्या पट्ट्या त्यांनी बाहेर काढल्या. गप्प बसल्या असत्या तर कुणाला कळलंही नसतं. पण चार महिन्यांनी वण खेचू लागला असता, तेव्हा तो गाल पोरीचाच असता. "शेजारच्या दाताखाली मोजू."

शेजारचा दात शाबूत होता. त्याच्याखाली पट्ट्या जाऊ लागल्या. पंधरा. सोळा. सतरा. अठरावी पट्टी टोकाशी अडली. बाईंनी ती हलकेच सरकवून पाहिली. जाईना.

डॉक्टरांनी कागदाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली. सतरा म्हणजे सतरा.

तेवढ्यात भिंगरीनं बाईंचा हात बाजूला सारला. आपल्या हातानं सगळ्या पट्ट्या तोंडातून काढून टेबलावर ठेवल्या. "माझं अजून झालंच नाही," ती म्हणाली. मग आपला अंगठा आपल्या गालावर टेकवला, डोळे तिरके करून नख पाहिलं, आणि दाबून गोल गोल फिरवू लागली. खेचणाऱ्या जागेवर थांबली, पुन्हा फिरवू लागली. तिला कुणाची घाई नव्हती. पाच मिनिटं झाली. मोठे डॉक्टर पाच मिनिटं एका जागी उभे राहिलेले त्या वॉर्डात कुणी पाहिले नव्हते, ते त्या दिवशी उभे राहिले. मग तिनं शाबूत दाताकडे बोट दाखवलं आणि "आ" केलं.

सोळा. सतरा. अठरावी पट्टी बाईंनी टेकवली, आणि ती आत गेली.

डॉक्टरांनी वाकून पाहिलं, गाल चिमटीत धरून पाहिला. "पाच मिनिटांत सुटतो म्हणजे वण मऊ आहे," ते म्हणाले. "याला चाकू नको." आणि त्यांनी कागदावरच्या ऑपरेशन या शब्दावर आडवी रेघ मारली. आईनं तोंड पदरात लपवलं. बाप आपले तपकिरी हात पाठीमागे घ्यायचेच विसरला होता.

डॉक्टरांनी भिंगरीला विचारलं, "हे इतकं छान तुला कुणी शिकवलं गं?"

भिंगरीनं बाईंकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं आणि पट्ट्या बाहेर काढून ठसक्यात म्हणाली, "मला नाही कुणी शिकवलं. मीच बाबांना शिकवलं."

"खरं आहे," बाप म्हणाला.

डॉक्टर हसून बाईंकडे वळले. नियम कुणाचा, युक्ती कुणाची, एक शब्द काढला असता तर बाईंच्या नावावर सगळं जमा झालं असतं. बाईंनी चकार शब्द काढला नाही. सव्वीस वर्षांत इतका अभिमान त्यांना कधीच वाटला नव्हता. त्या पाठ फिरवून बेसिनशी गेल्या आणि हात स्वच्छ असतानाही कितीतरी वेळ धूत राहिल्या.